आधी गाठीचा कागद, मग रक्ताचा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा जिना अरुंद आणि उभा आहे. तरी दिवेलागणीच्या सुमाराला कोणी ना कोणी धापा टाकत वर येतं आणि चपला काढायच्या आधी फाइल पुढे करतं. "काकू, जरा बघता का? आकडा वाढलाय." मी डॉक्टर नाही, हे प्रत्येकाला आधी सांगते. ३१ वर्षं पॅथॉलॉजीत टेक्निशियन होते. डॉक्टर मायक्रोस्कोपखाली जे बघतात ते तयार करायचं काम माझं, निदान त्यांचं. पण कागद कुठल्या क्रमानं वाचायचा, कुठल्या आकड्याला किती भाव द्यायचा आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, एवढं मला सांगता येतं. ते एकदाच लिहून ठेवते, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांना जिना चढायला नको.

हे स्तनाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल आहे, कारण आमच्या घरात आणि शेजारात हेच दोन आले. माझ्या धाकट्या नणंदेला, म्हणजे वन्संना पहिला, आणि समोरच्या घरातल्या भाईंना दुसरा.

फाइल उलटी करा

फाइलीत सगळ्यात वर नेहमी रक्ताचा रिपोर्ट असतो, कारण तो सगळ्यात नवा. त्यात एक आकडा ठळक, बाजूला "जास्त" अशी खूण. सगळी झोप त्या खुणेनं उडालेली असते. आणि सगळ्यात खाली, चार घड्या पडलेला, कोपऱ्यात चहाचा डाग, बायोप्सीचा आणि ऑपरेशननंतरच्या गाठीचा रिपोर्ट. मी फाइल उलटी करते आणि तिथून सुरुवात करते. तुम्हीही तसंच करा.

"मार्कर" हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात, सगळा घोळ तिथे होतो. एक मार्कर गाठीच्या तुकड्यावर तपासतात: ईआर, पीआर (हार्मोन पकडणारी प्रथिनं), हर-टू (पेशीला वाढायला सांगणारं प्रथिन), केआय-६७ (शंभरात किती पेशी वाढायच्या घाईत आहेत ते), आतड्याच्या बाबतीत एमएमआर (डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं), के-रास, बी-रॅफ (ही जनुकं). दुसरे रक्तात तपासतात: आतड्यासाठी सीईए, स्तनासाठी सीए १५-३. गाठीवरचे मार्कर रोगाचा स्वभाव सांगतात. रक्तातला मार्कर म्हणजे रोग कुठेतरी हलतोय का याची ऐकीव बातमी. कधी खरी, कधी शेजारणीनं तिखटमीठ लावलेली.

स्तनाच्या गाठीचा कागद

पहिल्यांदा तीन साध्या गोष्टी शोधा: गाठ किती सेंटीमीटर, काखेतल्या किती गाठी (म्हणजे लिम्फ नोड) तपासल्या आणि त्यांतल्या किती बाधित, आणि ग्रेड, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात, १, २ की ३. ईआर-पीआरच्या आधी हेच. पुढे काय होईल याच्या अंदाजात काखेतल्या गाठींचं वजन फार मोठं असतं. हे पटत नसेल तर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम इथे १९८०च्या दशकात बसवलेलं गणित करून बघा. गाठीच्या सेंटीमीटरला ०.२ नं गुणा. त्यात काखेचे गुण मिळवा: एकही बाधित नसेल तर १, एक ते तीन असतील तर २, चार किंवा जास्त असतील तर ३. वर ग्रेडचा आकडा मिळवा. बेरीज ३.४ पर्यंत असेल तर चांगलं, ५.४ च्या वर गेली तर जपून, मधलं ते मध्यम.

वन्संची गाठ २.२ सेंटीमीटर होती, काखेतल्या १४ पैकी १ बाधित, ग्रेड २. म्हणजे ०.४४ अधिक २ अधिक २, एकूण ४.४४. आता गंमत बघा. गाठ दुप्पट मोठी असती तरी बेरीज अर्ध्या गुणानंही वाढली नसती, पण ती काखेतली एक गाठ नसती तर पुरा १ कमी झाला असता. वन्सं महिनाभर "दोन सेंटीमीटरच्या वर गेली होती हो" म्हणत रडत होत्या. रडायचंच तर चुकीच्या आकड्यासाठी कशाला, असं मी त्यांना म्हटलं. नंतर वाटलं, जरा रागानंच बोलले.

हे गणित जुनं आहे. त्यात हर-टू नाही, नवी औषधं नाहीत. २०१८ पासून वापरात असलेल्या स्टेजच्या पद्धतीत ग्रेड, ईआर, पीआर आणि हर-टू हे सगळे धरतात, त्यामुळे सारख्या आकाराच्या दोन गाठींची स्टेज वेगळी येऊ शकते. पण मैत्रिणीशी तुलना करायची नाही हे समजायला जुनं गणित पुरतं.

मग ईआर आणि पीआर. काचेवर चार मायक्रॉनची चकती असते, पेशींची केंद्रकं निळी. ईआर असेल तर तीच केंद्रकं तपकिरी होतात, ओल्या पोह्यांवर फोडणीतली मोहरी पडावी तशी. शंभरात एका पेशीलाही रंग आला तर रिपोर्ट पॉझिटिव्ह, पण १ ते १० टक्के असेल तर त्याला "लो पॉझिटिव्ह" म्हणतात आणि डॉक्टरांशी वेगळं बोलावं लागतं. काही लॅब टक्क्यांऐवजी ८ पैकी गुण देतात. वन्संचे ८ पैकी ८ होते. जास्त म्हणजे वाईट असं समजून त्या घाबरल्या होत्या. इथे जास्त म्हणजे चांगलं: हार्मोनविरोधी गोळीला दाद देणारा रोग.

हर-टूचा रंग केंद्रकात नाही, पेशीच्या कडेला येतो. ३+ असेल तर काचेवर खुराड्याची जाळी पसरल्यासारखी दिसते, चुकायचं कामच नाही. ०, १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ म्हणजे ठरलेलं नाही, त्यावर फिश नावाची चाचणी करून घ्यायचीच. २+ वर कोणी "निगेटिव्हच समजा" म्हणालं तर ऐकू नका. १९९८ पूर्वी ३+ म्हणजे निव्वळ वाईट बातमी होती. त्या वर्षी अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅब या हर-टूवरच्या औषधाला परवानगी मिळाली आणि तीच खूण औषधाचा दरवाजा झाली. ० आणि १+ आम्ही वर्षानुवर्षं एकाच टोपलीत टाकायचो. २०२२ पासून, निदान पसरलेल्या आजारात, त्या १+ लाही किंमत आली, कारण त्यावर चालणारं औषध आलं.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. "पुढे काय होईल" आणि "कुठलं औषध लागू पडेल" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काखेतल्या गाठी पहिल्याचं उत्तर देतात. ईआर आणि हर-टू दोन्हींचं थोडं थोडं, पण मुख्यतः दुसऱ्याचं.

केआय-६७ बद्दल फार लिहीत नाही. ५ टक्क्यांच्या खाली किंवा ३० च्या वर असेल तर त्याला अर्थ आहे. मधे १८ आणि २२ यांत फरक शोधत बसू नका. तीच काच दोन डॉक्टरांनी मोजली तरी एवढा फरक पडतो.

बरणी हातात येईल तेव्हा

आपल्याकडे ऑपरेशन झालं की नर्स बरणी नातेवाइकाच्या हातात देते आणि "लॅबला पोचवा" म्हणते. मग ती बरणी स्कूटरवर, पायांच्या मधे, मधेच पेट्रोल भरत. या अर्ध्या तासावर पुढचे सगळे मार्कर अवलंबून असतात, आणि हे कोणी सांगत नाही.

बरणीत फॉर्मलीन हवं, दहा टक्क्यांचं, न्यूट्रल बफर्ड. तुकडा शरीरातून निघाल्यापासून तासाभरात त्यात पडायला हवा आणि नंतर ६ ते ७२ तास त्यातच राहायला हवा. विचारायचं एवढंच: "फॉर्मलीनमध्येच आहे ना? किती वाजता टाकलं?" ती वेळ बरणीवर लिहून घ्या. नाव, डावी की उजवी बाजू, हेही. झाकण उघडून वास घेऊ नका. डोळे चुरचुरतात आणि ते अंगाला चांगलं नाही.

वन्संच्या वेळी मी गावी गेले होते. एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं, शनिवार संध्याकाळ, आणि स्तन सोमवारपर्यंत सलाइनमध्ये पडून राहिला. रिपोर्ट आला, ईआर निगेटिव्ह. बायोप्सीत ८ पैकी ८, आणि आता शून्य! घरात गोळी नको, वेगळी केमो हवी अशी चर्चा सुरू झाली. मी आल्यावर काच मागवली. पेशींच्या कडा पुसल्यासारख्या, भिजून फुगलेल्या. ३१ वर्षं बघितलेली गोष्ट. ज्या ऊतकाचं स्वतःचंच धड राहिलेलं नाही, ते ईआर नाही म्हणतंय याला काय अर्थ? कॅन्सरच्या डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवले, त्यांनी बायोप्सीचा ब्लॉक पुन्हा तपासून घेतला आणि लेट्रोझोल ही हार्मोनविरोधी गोळी सुरू झाली. तेव्हा दोन रिपोर्ट एकमेकांशी भांडत असतील तर नवा म्हणून खरा असं धरू नका. तुकडा कसा ठेवला होता ते विचारा.

ब्लॉकबद्दलही सांगते. ब्लॉक म्हणजे मेणाची बोटाच्या पेराएवढी चौकोनी वडी, आत तुमचा तुकडा. दुसरं मत घ्यायला मुंबईला परळला टाटाला जायचं असेल तर नुसता कागद नेऊन भागत नाही, काचा आणि ब्लॉक लागतात. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून घ्या आणि गाठ ज्यात आहे तोच ब्लॉक मागा. मे महिन्यात गाडीच्या काचेखाली ठेवू नका. मेण साठेक अंशांना वितळतं, आणि बंद गाडीत बडोद्याचं ऊन काय करतं ते तुम्हाला माहीत आहे.

आतड्याचा कागद

इथे थोडक्यात. किती गाठी, म्हणजे लिम्फ नोड, तपासल्या ते बघा. १२ पेक्षा कमी असतील आणि "एकही बाधित नाही" लिहिलं असेल तर त्या "नाही"वर पुरता विश्वास टाकता येत नाही. उरलेल्या चरबीत आणखी शोधता येतील का, हे लॅबला विचारता येतं. भाईंच्या १७ पैकी ३ बाधित होत्या, म्हणजे तिसरी स्टेज.

मग एमएमआर. त्यात चार प्रथिनांची नावं असतात: एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६, पीएमएस-२. चारही "आहेत" असं लिहिलेलं नेहमीचं. एखादं "नाही" असेल तर त्याचे तीन अर्थ. दुसऱ्या स्टेजमध्ये पुढचा अंदाज बहुधा जास्त चांगला असतो आणि नुसत्या ५-एफयूच्या केमोचा उपयोग होत नाही. पसरलेल्या आजारात इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारं औषध, चालण्याची शक्यता असते. आणि हा रोग घराण्यातून आलेला असू शकतो, तेव्हा भावंडं आणि मुलांची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं आतड्याची तपासणी). एमएलएच-१ नाही आणि सोबत बी-रॅफमध्ये बदल आहे, तर घराण्याची शक्यता बरीच कमी होते. हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. मुलांना उगाच धास्ती घालू नका आणि उगाच सोडूही नका.

के-रास आणि एन-रास पसरलेल्या आजारात तपासतात. त्यांत बदल असेल तर सेटुक्सिमॅब किंवा पॅनिटुमुमॅब ही महागडी इंजेक्शनं बहुधा काम करत नाहीत. तपासणीआधी त्यांच्यासाठी दागिने गहाण टाकू नका.

रक्तातलं सीईए: भाईंची आलेखवही

आता तो वरचा कागद. सीईए १९६५ साली माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी शोधलं, आतड्याच्या गाठीत आणि गर्भाच्या आतड्यात. साधारण ५ नॅनोग्रॅमच्या आत नॉर्मल धरतात. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांचं बहुधा ३ च्या आत असतं. बिडीनं वाढतं, लिव्हरच्या आजारानं, स्वादुपिंडाच्या सुजेनं, आतड्याच्या जुन्या सुजेनंही वाढतं. म्हणून "कॅन्सर आहे का बघू" म्हणून करायची ही तपासणी नव्हेच. सुरुवातीच्या कितीतरी कॅन्सरमध्ये ते नॉर्मल असतं.

पण एकदा आतड्याचा कॅन्सर ठरला की ते कामाचं. रावपुऱ्यातून नातवाची आणतात तसली आलेखवही आणा. आडवी तारीख, उभा आकडा, आणि प्रत्येक ठिपक्याखाली लॅबचं नाव. लॅब बदलू नका. दोन कंपन्यांची मशिनं एकाच रक्ताला वेगळे आकडे देतात. बदलावीच लागली तर एकदा दोन्हीकडे करून घ्या.

भाईंच्या वहीतला पहिला ठिपका ऑपरेशनआधीचा, १८.४. हा ठिपका सगळ्यात महत्त्वाचा आणि बहुतेक जण नेमका हाच विसरतात. त्याच्याशिवाय पुढच्यांची तुलना कशाशी करणार? शिवाय ऑपरेशनआधी ५ च्या वर असणं हे स्वतःच थोडं काळजीचं लक्षण. दुसरा ठिपका सहा आठवड्यांनी, २.९. चार-सहा आठवड्यांत ते खाली यायलाच हवं. न आलं तर कुठेतरी काही उरलंय का ते बघतात. भाईंनी बिडीही सोडली होती, तिचाही हात असेल.

मग केमो सुरू झाली आणि ५.८, ६.३. भाभी रात्री दहाला जिना चढून आल्या. ५-एफयूच्या जातीची औषधं आणि ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असताना सीईए खोटं वाढू शकतं, म्हणून मी त्या दोन ठिपक्यांभोवती पेन्सिलनं गोल काढला आणि लिहिलं, "केमोत". डॉक्टरांनीही थांबायलाच सांगितलं. केमो संपल्यावर दोन महिन्यांनी ३.०.

पुढे दर तीन महिन्यांनी: ३.२, ३.१, ३.४, आणि मग ५.९. इथे नियम पाळायचा: एका आकड्यावर धावायचं नाही, पण विसरायचंही नाही. महिन्याभरात त्याच लॅबमध्ये पुन्हा. ९.७ आलं. तेव्हा मीच त्यांना म्हटलं, उद्या सकाळीच जा. सीटीत लिव्हरमध्ये एकच डाग निघाला, दोन सेंटीमीटरचा. भाईंना काही त्रास नव्हता, सकाळी सूरसागरला फेऱ्या मारत होते. डाग काढता आला. त्यानंतरचा ठिपका २.६.

सीईए मोजायचं ते यासाठी. आतड्याचा रोग लिव्हरमध्ये एखाद्या ठिकाणी परतला तर तो कापून काढून माणूस बरा होण्याची शक्यता असते, म्हणून लवकर कळण्यात फायदा. माणूस ऑपरेशन किंवा केमो सोसण्याच्या स्थितीत नसेल तर हे सुईचे हाल कशाला, हेही डॉक्टरांना विचारा. आणि ऑपरेशनआधीचं सीईए नॉर्मल होतं, तर नंतर नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. कोलोनोस्कोपी आणि सीटीच्या तारखा पाळायच्याच.

सीए १५-३, आणि वन्संचं पॅकेज

तिसऱ्या वर्षी वन्संनी एक "फुल बॉडी पॅकेज" घेतलं, सवलतीत. त्यात सीए १५-३ होतं. मर्यादा ३०, आकडा ३३. त्या रात्री दोन घरांत कोणी जेवलं नाही.

अमेरिकेतल्या कॅन्सरच्या डॉक्टरांच्या संघटनेनं, म्हणजे अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीनं, १९९६ पासून या दोन कॅन्सरच्या मार्करचे नियम लिहिलेत. आतड्यासाठी सीईए नियमानं करा म्हणतात. स्तनासाठी, उपचार संपून माणूस बरा आहे तोवर, सीए १५-३ किंवा त्याच्यासारखंच सीए २७.२९ करत बसू नका म्हणतात. आकडा काही महिने आधी वाढू शकतो हे खरं, पण ते आधी कळल्यानं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. १९९४ साली इटलीतल्या दोन अभ्यासांत, प्रत्येकी हजारावर बायका, एका गटाच्या वरचेवर तपासण्या आणि स्कॅन केले, दुसऱ्याची साधी तपासणी आणि मॅमोग्राफी. जगण्यात फरक पडला नाही.

वन्संच्या डॉक्टरांनी पोट तपासलं, सोनोग्राफीत लिव्हरला चरबी निघाली. लिव्हरच्या तक्रारीत सीए १५-३ वाढतं. पुन्हा केलं तर ३१, मग ३२. रेघ सपाट. आता बंद. त्यांना मी आठवण करते ती वेगळी: दरवर्षी मॅमोग्राफी, डॉक्टरांचा हात, आणि हाडातलं नवं न थांबणारं दुखणं, धाप, खोकला, नवी गाठ यांतलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघणं. ईआर पॉझिटिव्ह रोग पाच वर्षांनंतरही परतू शकतो, तेव्हा पाच झाली म्हणून फाइल माळ्यावर टाकायची नाही.

रोग पसरलेला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे स्कॅनच्या जोडीला सीए १५-३ उपयोगी पडतं. तरी नवं औषध सुरू केल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत आकडा उगाच उसळू शकतो. त्या उसळीवर औषध बदलायला लावू नका.

एक फुटकळ वाटणारी गोष्ट. केमोनंतर केस यावेत म्हणून बायका बायोटिनच्या गोळ्या घेतात. काही मशिनांवर बायोटिनमुळे हे मार्कर खोटे कमी येतात. घेत असाल तर लॅबला सांगा आणि किती दिवस आधी थांबवायच्या ते विचारा.

"किती दिवस?" कसं विचारायचं

भाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "साहेब, किती काढीन?" डॉक्टर वर बघून म्हणाले, देवाच्या हातात. भाई आठवडाभर बोलले नाहीत. पुढच्या भेटीला मी त्यांना चिठ्ठीवर लिहून दिलं: "माझ्यासारख्या शंभर जणांपैकी पाच वर्षांनी किती असतात? ही केमो घेतली तर किती, नाही घेतली तर किती?" या प्रश्नाला डॉक्टरांना आकड्यात उत्तर देता येतं. पसरलेल्या आजारात कोणी "सरासरी अमुक महिने" म्हणालं तर विचारा, निम्मे लोक याच्या पुढे जातात का? बहुतेक वेळा त्याचा अर्थ तोच असतो. स्तनाच्या सुरुवातीच्या रोगासाठी इंग्लंडमध्ये बनलेलं "प्रेडिक्ट" नावाचं गणितही डॉक्टर समोर बसून करून दाखवू शकतात. त्यातले आकडे तिकडच्या बायकांचे आहेत, एवढं धरून चालायचं.

भाईंची चिठ्ठी अजून त्यांच्या आलेखवहीत आहे, मागे डॉक्टरांच्या अक्षरात दोन आकडे. पुढचा ठिपका येत्या महिन्यात. नातू म्हणतो, वही संपत आलीय, दुसरी आणावी लागेल.